रतीब बंद होण्याआधी खाडे वाढतात: अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल आणि आपलं जुनं गिऱ्हाईक



मागच्या व्हिडिओत आपण भाववाढ कशी करायची यावर बोललो. त्यात अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं आणि पुढे गेलो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तिकडच्या मॅचच्या तिकिटांचा आणि आमच्या दुकानाचा काय संबंध?" प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओ लांबला की लोक बंद करतात, म्हणून तिथे नीट सांगता आलं नाही. इथे सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगतो, कारण हा विषय मला पुस्तकातून कळलेला नाही. सांगलीत आमचं दुधाचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, बीबीए झाल्यावर मी बसायला लागलो. काउंटरवर दही, तूप, लोणी, सुटं दूध जातं, पण दुकान उभं आहे ते रतिबावर. घरोघरी रोज ठरलेलं दूध, कार्डावर टिक, महिन्याच्या शेवटी बिल. गावाला गेलात तर खाडा, त्या दिवसाचे पैसे वजा. काही घरं बाबांच्या सायकलच्या काळापासूनची आहेत.

चार वर्षांपूर्वी मी रतिबाच्या बिलात एक नवीन ओळ टाकली: घरपोच आकार, महिना ६० रुपये. पेट्रोल वाढलं होतं, दूध टाकणारी पोरं पगार वाढवून मागत होती, कागदावरचा हिशोब बरोबर होता. पहिल्या महिन्यात एकाही घराने रतीब बंद केला नाही. मी खूश. बाबांना म्हटलं, "बघा, काही झालं नाही." बाबा काहीच बोलले नाहीत, कार्डं लावत बसले.

ते का बोलले नाहीत हे मला एका मित्रामुळे समजलं, आणि तेही बास्केटबॉलवरून.

मॅचचा रतीब

माझा शाळेतला मित्र अमेरिकेत नोकरी करतो. त्याच्या ऑफिसमध्ये एक साठीच्या आसपासचा माणूस आहे. त्याच्या वडिलांनी गावातल्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची दोन सीझन तिकिटं घेतली होती. वडील गेले, तिकिटं मुलाकडे आली. तीच दोन खुर्च्यांची जागा, तेच शेजारी. शेजारच्या बाईंची मुलं लहान असल्यापासून त्याने बघितलेली. दर वर्षी कॉलेजकडून नूतनीकरणाचा मेल यायचा, हा माणूस रक्कम न बघता पैसे भरायचा. आणि मग एका वर्षी त्याने भरले नाहीत. मित्र मला हे सांगत होता तेव्हा त्याला वाटत होतं ही खेळाची गोष्ट आहे. मला ती दुधाची वाटली. (कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याची तक्रार आहे, ती त्याच्यापाशी.)

आता आपल्याकडे कॉलेजची मॅच म्हटली की कट्ट्यावरची चार पोरं टाळ्या वाजवतात. तिथे तसं नाही. सर्वात वरच्या गटात ३५० हून जास्त कॉलेजं खेळतात आणि मोठ्या कॉलेजांची बंदिस्त मैदानं पाहिली तर डोळे फिरतात. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावाची वस्ती लाखाच्या आत आहे आणि तिथल्या ॲलन फील्डहाऊसमध्ये १५ हजारांहून जास्त माणसं बसतात. बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ हेच त्या कॉलेजचे पहिले प्रशिक्षक. अशा बऱ्याच गावांत दुसरी कुठली व्यावसायिक टीम नसते. आजोबा, बाप, नातू एकाच टीमचे. त्यामुळे तिकीट हे घराण्यातल्या मानासारखं असतं. आपल्याकडे जत्रेत पालखीच्या कुठल्या खांद्याला कुठलं घर हे ठरलेलं असतं ना, साधारण तसं.

सीझन तिकीट म्हणजे मॅचचा रतीब. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत घरच्या मैदानावर साधारण १५ ते १८ मॅच होतात, त्या सगळ्यांचे पैसे आधीच भरायचे. एक फरक मात्र मोठा आहे. या रतिबात खाडा नाही. तुम्हाला यायचं असो वा नसो, पैसे गेले.

आणि सगळ्या मॅच काही सारख्या नसतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठं कॉलेज एखाद्या छोट्या कॉलेजला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर खेळायला बोलावतं. निकाल सगळ्यांना माहीत असतो. छोट्या कॉलेजला पैसे मिळतात, मोठ्याला एक विजय आणि विकायला एक मॅच मिळते. मंगळवारची रात्र, बाहेर बर्फ, मॅच अर्ध्या तासात संपल्यात जमा. हे तिकीटसुद्धा तुमच्या गठ्ठ्यात आहे. थोडक्यात, चांगल्या आंब्याच्या पेटीत खालच्या थरात काय भरतात ते आठवा.

तिकिटाच्या खालची ओळ

खरी गंमत तिकिटाच्या किमतीत नाहीच. मोठ्या कॉलेजांत चांगली जागा हवी असेल तर तिकिटाव्यतिरिक्त देणगी द्यावी लागते. देणगी म्हणायचं, पण ती दिल्याशिवाय त्या खुर्चीचं तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय पॉइंट असतात. किती वर्षं तिकीट घेताय, आतापर्यंत एकूण किती देणगी दिली, यावरून तुमचा नंबर ठरतो. नंबर वर असेल तर मैदानाजवळची जागा, चांगलं पार्किंग. एक वर्ष सोडलंत तर रांगेत मागे.

तुम्ही म्हणाल, ही तर लॉयल्टी स्कीम झाली. नावाला हो. पण नीट बघा, यात राहण्याचं बक्षीस कमी आणि सोडण्याची शिक्षा जास्त आहे. माणूस २० वर्षं भरत राहतो, त्यातली शेवटची काही वर्षं केवळ "सोडलं तर परत मिळणार नाही" या भीतीने भरतो. बाहेरून दोन्ही माणसं सारखीच दिसतात. पैसे भरणारी. दुकानदाराला वाटतं प्रेम आहे.

या देणगीमागे एक कराची भानगड होती, ती मला फार शिकवून गेली. १९८८ पासून अमेरिकेच्या कर कायद्यात अशी सोय होती की तिकिटाच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीपैकी ८० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता यायची. २०१७ च्या शेवटी झालेल्या कर कायद्याने ती सोय काढून टाकली आणि १ जानेवारी २०१८ पासून ती बंद झाली. समजा, एखादा माणूस १,००० डॉलर देणगी देत होता आणि त्याचा कराचा दर ३० टक्के होता. ८०० डॉलर वजा, म्हणजे २४० डॉलर कर वाचायचा. त्याला ती देणगी प्रत्यक्षात ७६० ला पडत होती. २०१८ मध्ये तीच देणगी पूर्ण १,००० ला पडायला लागली. कॉलेजने एक डॉलर वाढवला नाही, पण गिऱ्हाइकाच्या खिशातून २४० जास्त गेले. डिसेंबर २०१७ मध्ये बऱ्याच कॉलेजांनी देणगीदारांना घाईघाईने सांगितलं की पुढच्या वर्षाचे पैसे आत्ताच भरून टाका.

तुमची किंमत तुम्ही बिलावर लिहिता ती. गिऱ्हाइकाची किंमत त्याच्या खिशातून एकूण किती जातं ती. माझ्या घरपोच आकाराच्या महिन्यातच दुधाचा भावही वाढला होता आणि गॅसही. माझ्या लेखी मी ६० रुपये वाढवले. घरातल्या बाईच्या लेखी सगळं एकदमच वाढलं होतं, आणि त्यातली माझीच ओळ नवीन होती.

मग एवढे पैसे लागतात कशाला

कॉलेजची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपण नुसते गिऱ्हाईक होऊन बोलू. धंदेवाल्याने दोन्ही बाजूंनी बघायला हवं.

पूर्वी कॉलेजच्या खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळायची, पगार नाही. पैसे मैदानं बांधण्यात आणि प्रशिक्षकांच्या पगारात जायचे. प्रशिक्षकांचे पगार असे की बऱ्याच राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सगळ्यात वर कॉलेजचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच असतो, राज्यपाल त्याच्या खूप खाली. मग जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे जाहिरातीचे पैसे घेता यायला लागले. आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. बहुतेक मोठ्या कॉलेजांत त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलला आणि त्याच्या खालोखाल पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो.

मला विचाराल तर खेळाडूंना पैसे मिळाले हे योग्यच झालं. इतकी वर्षं मैदान भरत होतं ते त्यांच्यामुळे. पण खर्च वाढला आणि तो कोणीतरी भरायचा होता. टेनेसी विद्यापीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की पुढच्या वर्षीच्या फुटबॉलच्या सीझन तिकिटांवर नेहमीच्या वाढीशिवाय १० टक्के 'टॅलेंट फी' लागेल. ही फी फुटबॉलची होती, पण बास्केटबॉलचे तिकीटवाले समजायचं ते समजले. एका अर्थाने मला त्यांचं कौतुक वाटतं. देणगी, हक्क, पॉइंट असं काही न गुंडाळता सरळ सांगितलं की हे पैसे खेळाडूंसाठी लागणार आहेत. दुसऱ्या अर्थाने ती माझ्या घरपोच आकारासारखीच ओळ आहे. तुमचा खर्च वाढला, तो तुम्ही गिऱ्हाइकाला नाव घालून दाखवलात. पण त्याला मिळणारं दूध तेच.

इथे तर दूधही बदललंय. २०२१ पासून खेळाडूंना कॉलेज बदलणं सोपं झालं. पूर्वी पोरगा पहिल्या वर्षाला यायचा आणि चौथ्या वर्षी निरोप घ्यायचा, लोक त्याला मोठं होताना बघायचे. आता दर उन्हाळ्यात अर्धी टीम नवी असू शकते. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची लॉस एंजेलिसची यूसीएलएसारखी कॉलेजं टीव्हीच्या पैशांसाठी पार पूर्वेपर्यंत पसरलेल्या गटात गेली आणि पिढ्यानपिढ्यांच्या शेजारच्या काही लढती मागे पडल्या. वर जवळपास प्रत्येक मॅच घरी पडद्यावर दिसते. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे मागितले जातायत, नेमके अशा वेळी की ज्यासाठी तो यायचा त्या गोष्टी पातळ होत चालल्यात. भाववाढ एवढ्यानेच टोचत नाही. भाववाढ आणि पातळ दूध एकाच महिन्यात आलं की टोचते.

एकाच रस्त्यावरची दोन दुकानं

नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ ही दोन कॉलेजं एकमेकांपासून जेमतेम १६ किलोमीटरवर आहेत. सांगली-मिरज म्हणा ना. दोघांचंही बास्केटबॉल देशात नावाजलेलं, दोघांचं वैर प्रसिद्ध. आणि दोघांनी सगळ्यात चांगल्या जागा कोणाला द्यायच्या याचं उत्तर वेगवेगळं दिलं.

ड्यूकचं कॅमेरून इनडोअर स्टेडियम १९४० चं आहे. बसायला फक्त ९,३१४ माणसं. मोठं करून जास्त तिकिटं विकणं त्यांना अवघड नव्हतं, १९९० पासून तिथली प्रत्येक मॅच पूर्ण विकली गेलीय. तरी मैदानाला अगदी चिकटून असलेल्या एका बाजूच्या जागा विद्यार्थ्यांच्या आहेत. हजार-बाराशे पोरं, उभी, तोंडं रंगवलेली, आणि तिकीट फुकट. पैसे नाहीत, पण किंमत आहे बरं का. नॉर्थ कॅरोलायनाच्या मॅचसाठी ही पोरं कित्येक आठवडे आधी मैदानाबाहेर गवतावर तंबू ठोकून राहतात, १२-१२ जणांचा गट. रात्री-बेरात्री हजेरी घेतली जाते, ठरलेली संख्या तंबूत नसेल तर नंबर जातो. अभ्यास तंबूतच. ही प्रथा १९८६ पासूनची.

आता हिशोबी माणूस म्हणेल, सगळ्यात महाग जागा फुकट वाटतायत, वेडे आहेत. पण देणगी देणारा श्रीमंत माणूस वरच्या खुर्चीत बसून जे बघायला येतो, त्यातला निम्मा भाग म्हणजे ही पोरंच आहेत. त्यांचा आवाज टीव्हीवर जातो. आणि ज्याने विसाव्या वर्षी थंडीत तंबूत रात्री काढल्या, तो पन्नासाव्या वर्षी कॉलेजचा मेल आल्यावर काय करेल, तुम्हीच सांगा.

१६ किलोमीटरवर नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ मध्ये डीन स्मिथ सेंटर उघडलं. २१ हजारांहून जास्त जागा. बांधकामाचे कोट्यवधी डॉलर खाजगी देणग्यांतून उभे राहिले आणि त्या बदल्यात देणगीदारांना मैदानाजवळच्या जागांचे दीर्घकाळाचे हक्क मिळाले. त्या वेळी हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. कर्ज न काढता एवढी इमारत उभी राहिली, आपल्यापैकी कोण नाही म्हणालं असतं? पण पुढच्या रांगांत बसणारा माणूस दरवर्षी एक वर्षाने म्हातारा होत गेला. तो टाळ्या वाजवतो, ओरडत नाही. १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा सॅम कॅसेल तिथे मॅच जिंकून गेला आणि जाता जाता म्हणून गेला की ही गर्दी वाइन आणि चीज खात निवांत बसणाऱ्यांची आहे, ड्यूकसारखी नाही. तो टोमणा आजही त्या मैदानाला चिकटलेला आहे. पुढे त्यांनी एका बास्केटमागे विद्यार्थ्यांना उभं राहायला जागा केली, पण पुढच्या रांगांचे हक्क एकदा वाटल्यावर ते परत मागणं किती अवघड असतं, ते दुकानाचा ओटा भाड्याने दिलेल्या कोणालाही विचारा.

खेळात नॉर्थ कॅरोलायना काही मागे पडलं नाही, त्यानंतरही त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तेव्हा एक दुकान बरोबर आणि एक चूक असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की पैसे आधी घेऊन तुम्ही जागा विकता, तेव्हा त्या जागेवर उद्या कोण बसेल हेही विकून टाकता.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. साउथ कॅरोलायनामध्ये २००८ साली डॉन स्टेली महिला टीमची कोच म्हणून आली. तेव्हा १८ हजारांच्या मैदानात काही हजार माणसं यायची. तिकीट पुरुषांच्या मॅचपेक्षा स्वस्त ठेवलेलं. ती स्वतः लोकांशी बोलायची, फॅन्सना 'फॅम' म्हणायची, म्हणजे घरची माणसं. टीम जिंकायला लागली हे तर मूळ कारण आहेच, २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. पण पहिलं विजेतेपद यायच्या आधीच, २०१४-१५ पासून, देशात महिला बास्केटबॉलला सर्वात जास्त गर्दी तिथे व्हायला लागली होती. सरासरी १२ हजारांच्या वर. त्याच मैदानावर खेळणाऱ्या पुरुष टीमपेक्षा जास्त. त्या गर्दीत मोठ्या वयाच्या बायका खूप दिसतात, ज्यांना आयुष्यात कोणी मॅचला बोलावलंच नव्हतं.

तो माणूस का गेला

आता मित्राच्या ऑफिसमधल्या माणसाकडे येऊ. तुम्हाला वाटेल, देणगी वाढली म्हणून त्याने सोडलं. मलाही तसंच वाटलं होतं.

झालं असं की कॉलेजने मैदानाचं नूतनीकरण केलं आणि सगळ्या जागा पॉइंटांप्रमाणे नव्याने वाटल्या. त्याच्या वडिलांच्या जागेची देणगी आता त्याला झेपणारी नव्हती. त्याला वरच्या मजल्यावर दोन खुर्च्या मिळाल्या. मैदान तिथूनही दिसायचं. पण शेजारच्या बाई दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या, मागचे दोघे भाऊ तिकीट सोडून गेले. त्याने तक्रार केली नाही. त्या वर्षी पैसे भरले. पुढच्या वर्षीही भरले. फक्त मंगळवारच्या मॅचला जायचं बंद केलं. मग एकटाच जायला लागला, दुसरं तिकीट ऑनलाइन विकायचा. मोठ्या मॅचचं तिकीट चढ्या भावात जायचं, छोट्या मॅचचं कोणी फुकटही घ्यायचं नाही. त्यातून त्याला एक गोष्ट कळली, जी कॉलेजने त्याला कधी कळू द्यायला नको होती: हव्या त्या तीन-चार मॅचची तिकिटं अशीच ऑनलाइन घेतली तर वर्षाचा खर्च निम्म्याच्याही खाली येतो. तिसऱ्या वर्षी त्याने मेलला उत्तर दिलं नाही. आठवणीचे दोन मेल आले, मग एक सर्व्हे आला, "आपण नूतनीकरण का केलं नाही?" खाली पाच पर्याय. त्याचं कारण त्या पाचांत नव्हतं.

लक्षात घ्या, तो गेला त्या दिवशी गेला नाही. दोन वर्षं आधी गेला होता. कॉलेजच्या हिशोबात त्या दोन वर्षांत तो १०० टक्के निष्ठावान होता, पैसे वेळेवर. पण आजकाल दारावर तिकीट स्कॅन होतं. विकलेली तिकिटं किती आणि स्कॅन झालेली किती, हे दोन्ही आकडे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. त्याच्या दोन खुर्च्या मंगळवारी रिकाम्या राहत होत्या, हे कोणीतरी बघायला हवं होतं. बघितलं असतं तर काय केलं असतं? एक फोन. "सर, तुमच्या वडिलांपासूनची तिकिटं आहेत, हल्ली दिसत नाही तुम्ही?" मित्र म्हणतो, एवढ्यावर तो आणखी दहा वर्षं राहिला असता.

हे ऐकून मी त्या रात्री दुकानात जाऊन कार्डं काढली.

कार्डांवर काय दिसलं

माझ्याकडे स्कॅनर नाही, पण खाडे आहेत. घरपोच आकार लावल्यापासूनचे सगळे महिने मी ओळीने लावले. एका काकांचं कार्ड, रोज दीड लिटर म्हशीचं, बाबांच्या अगदी सुरुवातीच्या घरांपैकी. पहिले दोन महिने काही फरक नाही. तिसऱ्या महिन्यात चार खाडे. मग सात. मग दीडचं एक लिटर झालं. मग एक दिवसाआड. नवव्या महिन्यात बंद. आमच्या पोराने वहीत लिहिलं होतं, "काका बंद." बस्स.

आणि तसं ते एकच कार्ड नव्हतं. अकरा होती. त्यातली सहा बंद झालेली, पाच वाटेवर. मी पहिल्या महिन्यात बाबांना "काही झालं नाही" म्हणालो होतो.

संध्याकाळी काकांकडे गेलो. चहा झाला, मुलगा पुण्यात कसा आहे वगैरे झालं. मग मी विचारलं, "काका, दूध चांगलं येत नव्हतं का?" काका म्हणाले, "अरे, दुधाचं काही नाही. तुझे बाबा सायकलवर यायचे तेव्हा पावसात भिजत यायचे, आम्ही आत बोलवायचो. कधी घरपोचचे पैसे नाही मागितले त्यांनी. तू मागितलेस त्यात चूक नाही, खर्च असतो. पण बिलातनं कळवलंस रे. घर पाच मिनिटांवर आहे." काकू आतून म्हणाल्या, "आणि पिशवी आता डेअरीतनं आणतो, रोज चालणं होतं तेवढंच."

काकांनी रतीब परत लावला नाही. डेअरीची सवय झाली, त्याला इलाज नाही. दिवाळीचं तूप मात्र आमच्याकडून नेतात.

वाटेवरच्या पाच घरांकडे मी त्याच आठवड्यात गेलो. एकेका घरी विचारलं. दोघांना खरंच दूध कमी लागत होतं, मुलं शिकायला बाहेर गेली होती. त्यांना अर्धा लिटर चालू ठेवलं, काही प्रश्न नव्हता. तिघांना ती ओळच खटकली होती. घरपोच आकार मी काढला नाही, काढला असता तर पोरांचा पगार कुठून देणार? पण पाच वर्षांपेक्षा जुन्या घरांसाठी तो दुधाच्या दरात घेतला, लिटरमागे थोडा, आणि प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगितलं. काही घरांना आता महिन्याला ६० पेक्षा जास्त पडतं, तेही त्यांना सांगितलं. खाडा धरला तर तेवढे पैसे आपोआप कमी होतात, पूर्वी होत नव्हते. तिघांपैकी दोघं राहिले. एक गेलं.

आता महिन्याच्या शेवटी बिलं काढायच्या आधी मी आणि आमचा पोरगा कार्डं उलटी धरतो, म्हणजे दूध किती गेलं हे बघत नाही, खाडे मोजतो. मागच्या महिन्यापेक्षा तीन जास्त असले की कार्ड बाजूला. त्या घरी बिल द्यायला पोरगा जात नाही, मी जातो. या महिन्यात चार कार्डं बाजूला आहेत. एका घरी लग्न होतं म्हणून सगळे गावी गेले होते, एकांना डॉक्टरांनी साखरेमुळे दूध कमी करायला सांगितलंय. उरलेल्या दोन घरी रविवारी जाणार आहे.

तुमचं दुकान रतिबाचं नसेल तर तुमच्याकडे खाडा कशात दिसतो ते खाली कमेंटमध्ये लिहा. किराणावाल्यांसाठी मला एक सुचलंय: महिन्याची यादी देणारं घर यादीतून आधी तेल आणि साखर काढतं, बाकी सामान तुमच्याकडूनच नेत राहतं. पार्लर आणि टेलरिंगवाल्यांचं मला माहीत नाही, तुम्हीच सांगा.